राज्यकर्त्यांची नावे घेऊन

खानदेशातल्या मंडळ्यांत रविवारच्या उपासनेत एक जागा ठरलेली असते. गीते होतात, शास्त्रपाठ होतो, आजाऱ्यांची नावे घेतली जातात, दहावी-बारावीला बसलेल्या मुलांची घेतली जातात. मग पाळक किंवा मंडळीतले कुणी वडीलधारे म्हणतात, "आता आपल्या देशासाठी आणि अधिकाऱ्यांसाठी प्रार्थना करू." पुढची चार-पाच वाक्ये बहुतेकांना पाठ असतात. पुढाऱ्यांना सुबुद्धी दे, देशात शांती नांदू दे, पाऊस वेळेवर पाड. आमेन होते आणि अर्पणाचे गीत सुरू होते. दोंडाईचा, नंदुरबार, नवापूर, शिरपूर, कुठेही जा, फार फरक पडत नाही.

पुढच्या पानांतल्या प्रार्थना या चार-पाच वाक्यांसाठी लिहिल्या आहेत. ती वाक्ये चुकीची नाहीत, पण फार लवकर संपतात. जो माणूस आपल्या गावच्या पाण्यावर, जमिनीवर, शाळेवर, रेशनवर सही करतो त्याच्यासाठी देवापुढे उभे राहायचे, आणि अर्ध्या मिनिटात उरकायचे, हे मला पटत नाही. आजारी माणसासाठी आपण रडून प्रार्थना करतो. आजारी गावासाठी का नाही?

हे उरकून टाकण्यामागे नुसता आळस नाही, संकोचही आहे. अल्पसंख्य माणूस राज्यकर्त्यांसाठी प्रार्थना करू लागला की ती नकळत दाखल्यासारखी होते: बघा, आम्हीही देशाचेच आहोत. हा संकोच कुठून येतो ते मला ठाऊक आहे आणि त्याचा मला राग येत नाही. पण देवाला दाखला लागत नाही. त्याच्यापुढे बोलताना शेजारी ऐकतोय की नाही, पोलीस पाटील ऐकतोय की नाही, याचा हिशेब सुटला पाहिजे. तो सुटला की प्रार्थना लांबते आणि खरी होते.

पौलाने तीमथ्याला जी सूचना केली, की राजांसाठी आणि अधिकारावरच्या सर्वांसाठी विनंत्या कराव्यात, ती कोणत्या राज्यात केली हे आपण विसरतो. ज्या रोमी सत्तेच्या सुभेदाराने, पंतय पिलाताने, ख्रिस्ताला वधस्तंभाच्या हवाली केले, त्याच सत्तेचे ते दिवस होते. गादीवर ख्रिस्ती राजा नव्हता आणि पुढची जवळजवळ अडीचशे वर्षे येणारही नव्हता. तरी पौल सुबत्तेच्या दिवसांची वाट पाहत नाही. त्याच्याही कितीतरी आधी यिर्मयाने बाबेलात धरून नेलेल्या लोकांना पत्र धाडले होते: घरे बांधा, बागा लावा, आणि ज्या शहरात तुम्हाला कैदी म्हणून आणले त्याचे हित चिंता, त्यासाठी देवाला विनवा. यरुशलेमेची धूळ अजून पायाला असलेल्या माणसांना हे ऐकणे किती जड गेले असेल!

आरंभीच्या ख्रिस्ती लोकांनी ही सूचना पाळली आणि तिची मर्यादाही ओळखली. दुसऱ्या शतकाच्या अखेरीस कार्थेजचा तर्तुलियन राज्यकर्त्यांना बजावतो की आम्ही सम्राटासाठी प्रार्थना करतो, सम्राटाची प्रार्थना करत नाही. स्मुर्ण्याचा बिशप पॉलिकार्प फिलिप्पैकरांना राजांसाठी आणि छळणाऱ्यांसाठीही प्रार्थना करायला सांगतो. म्हातारपणी त्याच राज्याने त्याला पकडले आणि कैसराची शपथ घ्यायला सांगितले. त्याने नकार दिला आणि तो जिवंत जाळला गेला. या एका माणसात दोन्ही गोष्टी होत्या. राजाचे भले त्याने मनापासून मागितले, पण राजाला देवाची जागा दिली नाही. माझ्या मते राज्यकर्त्यांसाठी करायच्या प्रार्थनेचे सगळे शास्त्र एवढेच आहे, आणि ते सोपे नाही. आपल्याकडे कुणी पुढाऱ्याच्या पायावर डोके ठेवतो, कुणी त्याला शिव्या घालतो. त्याच्यासाठी गुडघे टेकणे या दोन्हींपेक्षा अवघड आहे.

ही प्रार्थना फक्त आपली नाही. शतकानुशतके मराठी बोलत आलेले कोकणातले बेने इस्रायल ज्या परंपरेचे, त्या यहुदी परंपरेत शब्बाथच्या उपासनेत राज्यकर्त्यांसाठी प्रार्थना म्हणण्याची रीत फार जुनी आहे. जुम्याच्या खुतब्यात राज्यकर्त्याचे नाव घेण्याची रीत इतिहासात सर्वत्र दिसते. आपल्या धुळ्यात शंकर श्रीकृष्ण देवांनी आयुष्य वेचून समर्थ संप्रदायाची जी हस्तलिखिते जमवली, ती समर्थ वाग्देवता मंदिरात आहेत. राजा धर्माखाली असतो, धर्म राजाखाली नसतो, ही समजूत त्या वाङ्मयात जागोजागी आहे. आणि पसायदानात ज्ञानेश्वर कुठल्याच राजासाठी काही मागत नाहीत, दुष्टांचा नाशही मागत नाहीत. दुष्टांचा वाकडेपणा तेवढा जावा म्हणतात. ज्या पक्षाला मी मत दिले नाही त्या पक्षाच्या मंत्र्यासाठी प्रार्थना कशी करावी, हे मी तिथून शिकलो असे म्हटले तर कुणी रागावू नये.

याच धुळ्याच्या तुरुंगात 1932 साली, 21 फेब्रुवारी ते 19 जून या काळातल्या रविवारी, विनोबांनी कैद्यांपुढे गीतेवर प्रवचने दिली आणि अमळनेरच्या शाळेतली नोकरी सोडून चळवळीत आलेल्या साने गुरुजींनी ती उतरून घेतली. राज्याची सत्ता भिंतींच्या आत संपूर्ण असते अशा जागी माणसे देवाविषयी बोलत बसली होती. सत्तेला तिची जागा दाखवण्याची ही रीत खानदेशाने जवळून पाहिली आहे.

आता एक अवघड आठवण. इंग्रजी अमदानीत अँग्लिकन देवळांच्या छापील उपासनाक्रमात राजासाठी प्रार्थना असे आणि मराठी मंडळ्याही ती म्हणत. आपल्या पश्चिम खानदेशातल्या मंडळ्या वेगळ्या. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशन आणि स्वीडिश अलायन्स मिशन यांच्या मिशनऱ्यांनी इथल्या भिल्ल-मावची वस्त्यांत काम केले, आणि त्यांच्या शिकवणीत पुस्तकातून वाचण्यापेक्षा मनातून प्रार्थना करण्यावर भर होता. पण मनातून केलेल्या प्रार्थनेलाही प्रश्न विचारावे लागतात. 9 सप्टेंबर 1942 रोजी नंदुरबारला मुलांच्या मिरवणुकीवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. शिरीषकुमार मेहता आणि त्याचे चार सोबती पडले. शिरीषकुमार सोळा वर्षांचाही नव्हता. अशा दिवशी अधिकाऱ्यांसाठी प्रार्थना म्हणजे काय? गोळी झाडणाऱ्याच्या हाताला कंप सुटू दे, हुकूम देणाऱ्याला झोप लागू देऊ नकोस, त्या आयांना उभे राहण्याचे बळ दे, हे सारे तिच्यात आले पाहिजे. सत्ता सुखरूप राहो एवढेच मागणारी प्रार्थना त्या दिवशी पाप ठरली असती.

स्वातंत्र्य आले, राजाचे नाव उपासनेतून गेले, राष्ट्रपती आणि पंतप्रधान आले. आणि मग तो प्रश्न आला जो या पुस्तिकेच्या मुळाशी आहे: राष्ट्र देवाशी एकनिष्ठ असते म्हणजे काय?

17 ऑक्टोबर 1949 रोजी संविधान सभेत हा प्रश्न अक्षरशः मताला टाकला गेला. उद्देशिकेची सुरुवात ईश्वराच्या नावाने व्हावी अशी दुरुस्ती ह. वि. कामत यांनी मांडली. ती मागे घ्यावी म्हणून त्यांची मनधरणी झाली. पूर्णिमा बॅनर्जींनी विनवले की देवाला मताला टाकण्याच्या पेचात आम्हाला पाडू नका. हृदयनाथ कुंझरूंचे म्हणणे होते की जी उद्देशिका सर्वांना श्रद्धेचे आणि उपासनेचे स्वातंत्र्य देऊ पाहते, तिच्या आरंभीच एकाची श्रद्धा दुसऱ्यावर लादणे तिच्याच आत्म्याविरुद्ध जाईल. कामत हटले नाहीत. मतमोजणी झाली: बाजूने 41, विरोधात 68.

मी ख्रिस्ती आहे, देवाचे नाव मला प्राणापलीकडचे आहे, आणि मला वाटते तो निकाल योग्य होता. कुंझरू देवाच्या विरोधात बोलत नव्हते. जबरदस्तीने उच्चारलेल्या नावाला देव भुलत नाही, हे संदेष्ट्यांनी आपल्याला फार आधी सांगितले आहे. संविधानाने देवाला दाराबाहेरही काढले नाही. मंत्री होताना ईश्वरसाक्ष शपथ घेता येते किंवा गांभीर्यपूर्वक दृढकथन करता येते, निवड ज्याची त्याची. त्याच सभेचे उपाध्यक्ष हरेंद्रकुमार मुखर्जी ख्रिस्ती होते, आणि विधिमंडळांत स्वतंत्र राखीव जागा नकोत अशी भूमिका ख्रिस्ती प्रतिनिधींनी घेतली. आमचे रक्षण जागांनी नको, सर्वांना मिळणाऱ्या न्यायाने होऊ दे, असा तो विश्वास होता. त्या विश्वासाचे पुढे काय झाले याबद्दल मंडळीत वाद होतात, व्हावेतही. पण ती भूमिका भित्रेपणातून आली नव्हती.

आपल्या प्रार्थनासभांत इतिहासाच्या दुसऱ्या पुस्तकातले एक वचन वारंवार येते, शलमोनाला मंदिरार्पणानंतर मिळालेले. देवाचे लोक नम्र झाले, त्यांनी प्रार्थना केली, दुष्ट मार्ग सोडले, तर तो त्यांच्या देशाला बरे करील, असा त्याचा आशय आहे. हे वचन घेऊन कुणी म्हणतात, भारत आता इस्राएल झाला पाहिजे. हे वाचन चुकीचे आहे असे मी स्पष्ट सांगतो. भारत इस्राएल नाही, अमेरिकाही नाही, पृथ्वीवरचे कुठलेच आधुनिक राष्ट्र नाही. त्या वचनात पश्चात्ताप करायला सांगितलेले लोक म्हणजे देवाचे नाव लावणारे, म्हणजे आपण. आपल्याच मंडळ्यांत सोयरीक जुळवताना अजून जात विचारली जाते. मावची पाळकाला शहरातली मंडळी सहज स्वीकारत नाही. दिल्लीसाठी तोंड उघडण्याआधी याचा कबुलीजबाब व्हायला हवा, म्हणून पुस्तिकेतला पहिला आठवडा राज्यकर्त्यांसाठी नाही, मंडळीच्या पापकबुलीसाठी आहे.

मग राष्ट्राची निष्ठा मोजायची कशाने? शास्त्राने दिलेले माप एका शेतकऱ्याच्या वावराशी आहे. राजांच्या पहिल्या पुस्तकाचा एकविसावा अध्याय सगळ्यांना ठाऊक आहे, तरी पुन्हा सावकाश वाचावा. अहाब राजाला वाड्याशेजारचा नाबोथाचा द्राक्षमळा भाजीपाल्यासाठी हवा होता. मोबदला द्यायला तो तयार होता. नाबोथ म्हणाला, वाडवडिलांची जमीन मी देणार नाही. राजा रुसून बिछान्यावर पडला. पुढचे काम ईजबेल राणीने केले. तिने राजाच्या शिक्क्याची पत्रे पाठवली, दोन खोटे साक्षीदार उभे केले, आणि गावात उपवास जाहीर केला. या उपवासाकडे आपले लक्ष जात नाही. नाबोथाचा जीव आणि जमीन घेण्यासाठी सगळे गाव देवाच्या नावाने, उपाशीपोटी, गंभीर चेहऱ्याने एकत्र बसले होते. राष्ट्रीय प्रार्थनेचा दिवसच होता तो. देवाचे नाव त्या सभेत नक्की घेतले गेले असणार, आणि देव त्या सभेत नव्हता. तो मळ्याच्या बांधावर एलीयाला पाठवत होता.

दोंडाईचाहून सारंगखेड्याचा पूल ओलांडून तापीपलीकडे गेले की शहादा. तिथल्या भिल्लांच्या जमिनी सावकारांच्या वहीतून, अंगठ्यावर अंगठे घेत, पिढ्यानपिढ्या इतरांच्या नावावर गेल्या. जो मालक होता तो आपल्याच वावरात सालदार झाला. अंबरसिंग सुरतवंती, ज्यांना लोक अंबरसिंग महाराज म्हणत, हे भजन करणारे, सर्वोदयाच्या वाटेने आलेले भिल्ल कार्यकर्ते. त्यांनी आणि त्यांच्याबरोबर आलेल्या तरुणांनी 30 जानेवारी 1972 रोजी शहाद्याला भूमुक्ती मेळावा भरवला. त्यातून श्रमिक संघटना उभी राहिली. आदिवासींच्या जमिनी परत करण्याचा महाराष्ट्राचा कायदा 1974 चा आहे. अंबरसिंग महाराज त्याच वर्षी गेले. ते ख्रिस्ती नव्हते. पण त्या वर्षांत आपल्या जिल्ह्यात नाबोथाच्या बाजूने कोण उभे होते असे विचारले, तर मला पहिल्यांदा त्यांचे नाव घ्यावे लागते, आणि मंडळीचे नाव मागाहूनही घेता येत नाही, याचे मला दुःख आहे. म्हणून महसूलमंत्री, प्रांत, तहसीलदार, तलाठी यांच्यासाठीची प्रार्थना या पुस्तिकेत लांब आहे. काहींना ती जास्तच लांब वाटेल. सातबारावर कुणाचे नाव लागते आणि कुणाचे कमी होते, हा माझ्या लेखी श्रद्धेचा प्रश्न आहे. वनहक्क कायदा 2006 साली झाला. त्याखालचे दावे ज्यांच्या टेबलावर आहेत, त्यांच्यासाठी कधी कुठल्या मंडळीत नाव घेऊन प्रार्थना झाली असेल, तर मी ती ऐकलेली नाही.

दुसरे माप परक्याचे. 1 जुलै 2018, रविवार. आपल्याच धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाडा गावी आठवडी बाजार भरला होता. मंगळवेढ्याकडून भिक्षा मागत आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना मुले पळवणारी टोळी समजून जमावाने घेरले. अफवा मोबाइलवरून आधीच पोचली होती. त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत नेले आणि तिथे ठार मारले. त्याच रविवारी साक्री, पिंपळनेर, नवापूर, दोंडाईचा इथल्या देवळांत आपण देशासाठी शांती मागितली होती. परका, विधवा आणि अनाथ यांच्यावरून देव राष्ट्रांचा न्याय करतो, हे मोशेच्या नियमशास्त्रापासून ख्रिस्ताच्या शेवटच्या दाखल्यांपर्यंत एकसारखे सांगितले आहे. राज्याच्या सर्वांत धाकट्या कचेरीत, पंचायतीच्या खोलीत, परक्याला आसरा मिळायला हवा होता. तिथेच तो मारला गेला. त्या पाच जणांच्या नावाने एक प्रार्थना पुढे आहे. ती वाचताना सरपंच, ग्रामसेवक, पोलीस पाटील आणि आपल्या मोबाइलवरून निरोप पुढे ढकलणारी आपली बोटे, सगळ्यांची आठवण व्हावी.

विरोधकांसाठीची, तुरुंगातल्यांसाठीची प्रार्थनाही राज्यकर्त्यांसाठीच्या प्रार्थनेचाच भाग आहे. डिसेंबर 1975 मध्ये, आणीबाणी चालू असताना, कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गा भागवतांनी जयप्रकाश नारायणांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करण्याचे आवाहन केले. केंद्रातले मंत्री यशवंतराव चव्हाण तिथे हजर होते. जयप्रकाश नुकतेच स्थानबद्धतेतून सुटून मुंबईच्या जसलोक रुग्णालयात मूत्रपिंडाच्या विकाराशी झगडत होते. एका आजारी माणसाला बरे वाटावे एवढेच मागणे, आणि ते उच्चारायला त्या दिवशी केवढे धैर्य लागले. दुर्गाबाईंना पुढे तुरुंगही भोगावा लागला. प्रार्थनेत नाव घेणे ही निरुपद्रवी गोष्ट नाही, हे ज्यांना पटत नसेल त्यांनी कऱ्हाड आठवावे.

नावे घ्यायची ती खरोखर ओळखीची असावीत. 25 जुलै 2007 रोजी प्रतिभाताई पाटील राष्ट्रपती झाल्या तेव्हा खानदेशात हे सोपे झाले होते. जळगाव जिल्ह्यात जन्मलेली, 1962 साली इथूनच विधानसभेत गेलेली बाई राष्ट्रपती भवनात होती, आणि म्हाताऱ्या आजीबाई प्रार्थनेत "आमची प्रतिभाताई" म्हणत. 2022 च्या 25 जुलैला द्रौपदी मुर्मू यांनी शपथ घेतली तेव्हा आपल्या भिल्ल आणि पावरा बहिणींनी तशीच जवळीक दाखवली. ती जवळीक खरी आहे, आणि तिच्यात एक मोहही आहे. आपल्यातला माणूस वर गेला की त्याच्यासाठी कौतुक करून थांबावेसे वाटते. देवापुढे मात्र त्याच्यासाठी अधिकच भीत भीत उभे राहायला हवे, कारण तो ज्या मोहांत पडू शकतो ते आपल्याच घरातले असतात.

पण दिल्ली आणि मुंबई संपल्यावर प्रार्थना संपू नये. दोंडाईचा-वरवाडे नगरपरिषदेत नळाला पाणी किती दिवसांनी सोडायचे ते ठरते. बाजार समितीत मिरचीचा भाव फुटतो, आणि हंगामात पथारीवर दिवसभर मिरची निवडणाऱ्या, ठसक्याने डोळे लाल झालेल्या बायांची मजुरी त्या भावातून निघते. स्टार्चच्या कारखान्यात, रेल्वेच्या मालधक्क्यावर, जिनिंगमध्ये ज्यांचे पोट आहे त्यांच्यासाठी कामगार कायदे कुणीतरी पाळायचे किंवा मोडायचे असतात. दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातकडे, पश्चिम महाराष्ट्राकडे निघणाऱ्या ट्रकमध्ये शाळेतली मुले बसलेली असतात, आणि त्यांचे वर्ष वाचवणे एखाद्या केंद्रप्रमुखाच्या हातात असते. पौलाने म्हटलेले अधिकारी हेच. सम्राट लांब होता तेव्हाही, आणि जकातदार जवळ.

पुस्तिका कशी वापरावी याबद्दल थोडे. बावन्न आठवड्यांसाठी बावन्न प्रार्थना आहेत, पण क्रम पाळलाच पाहिजे असे नाही. निवडणुकीच्या आठवड्यातली प्रार्थना निवडणूक येईल तेव्हा घ्यावी. तिच्यात कोणता उमेदवार निवडून यावा हे मागितलेले नाही, आणि पाळकांनीही ते मंचावरून मागू नये. पैसे घेऊन दिलेल्या मताबद्दल पश्चात्तापाचे एक वाक्य आहे. ते वगळू नये, कितीही अवघडल्यासारखे झाले तरी. न्यायाधीशांसाठीची प्रार्थना अहिराणीतही दिली आहे, मावचीतही, कारण ज्या भाषेत माणूस कोर्टात घाबरतो त्या भाषेत त्याला देवाशी बोलता यावे. घरच्या प्रार्थनेत लहान मुलांना यात घ्यावे. आपला आमदार कोण, खासदार कोण, हे पुष्कळ मुलांना शाळेत विचारल्यावर कळते. ते घरात कळू दे.

प्रत्येक प्रार्थनेखाली चार रिकाम्या ओळी सोडल्या आहेत. पहिल्या दोन ओळींत त्या पदावर आज जो आहे त्याचे नाव लिहावे, पुढच्या दोनांत त्याच्या विरोधात जो उभा राहिला होता त्याचे. पेन्सिलीने लिहावे.